पाठमोरी

माझी पहिली मुलगी पटकीने गेली तेव्हा तिला चौथं वर्ष लागलं होतं. सकाळी ती अंगणात खेळत होती, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही रिकाम्या हातांनी घरी परतलो होतो. अमरावतीत तेव्हा फोटो काढणारा कोणी नव्हता. तिची म्हणून घरात राहिली ती फक्त जरीकाठी परकर आणि खणाची चोळी. माझ्या बायकोने ते दोन्ही घडी करून पेटीत तळाशी ठेवले आणि पुढे बरेच महिने ती पेटी उघडलीच नाही.

आम्ही दोघंही मूळचे अकोल्याचे, मोर्णेपलीकडच्या जुन्या शहरातले. अमरावतीला नवी सरकारी मराठी शाळा निघाली, तिथे मला मास्तरकी मिळाली म्हणून परकोटाच्या आत दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं होतं. जवळचं असं कोणी नाही. मुलगी गेल्यावर त्या दोन खोल्या खायला उठत. मी शाळेत जाऊन सुटका करून घ्यायचो; बायकोला तेही नव्हतं.

बाहेर मात्र कापसाचं वेड लागलं होतं. तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, तिथला माल विलायतेला जाईनासा झालेला, त्यामुळे ज्याच्या त्याच्या तोंडी आमच्या वऱ्हाडचं नाव. गाड्यांच्या रांगा गावाबाहेर दूरपर्यंत उभ्या असत. हवेत सतत रुईचे तंतू तरंगत. वाळत घातलेल्या धोतरावर, तुळशीच्या पानांवर, ताटातल्या वरणावरही येऊन बसत. मुंबईच्या एका पेढीसाठी खरेदी करणारा एक इंग्रज साहेब त्या हंगामात बंगला घेऊन राहिला. नागपूरला शिकताना मला थोडं इंग्रजी आलं होतं. त्याला शेतकऱ्यांशी बोलायला मराठी हवी होती, म्हणून शाळा सुटल्यावर मी त्याला शिकवायला जाऊ लागलो. पण कापसापुढे त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आठवडाभरातच त्याच्या जागी त्याची थोरली बहीण माझ्यासमोर येऊन बसली.

बाई चाळिशी ओलांडलेली, उंच, अविवाहित. नखांत कायम रंग अडकलेला. ती चित्रं काढायची, आणि विलायतेहून येताना कपडेलत्ते कमी पण चित्रं पेट्या भरभरून घेऊन आली होती. त्या बंगल्याच्या बैठकीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तो दिवस मी विसरणार नाही. समोरच्या भिंतीवरून एक म्हातारा माझ्याकडे रोखून बघत होता. मागे काळोख, पुढे फक्त कपाळ, नाक आणि ओले डोळे. मी डावीकडे सरकलो तर नजर माझ्यामागे आली. मी चक्क हात जोडले. मागून बाई इंग्रजीत म्हणाली, "हे माझे वडील आहेत. ते वारले. घाबरू नका."

घरी जाऊन अंघोळ केली तरी ते डोळे पाठीवरून जाईनात.

आम्ही चित्र म्हणून जे पाहिलं होतं ते दाराच्या चौकटीवरचा गणपती, देवळाच्या भिंतीवरची लंका जळतानाची रांग, नागपंचमीला पाटावर काढलेले नाग. चित्र म्हणजे ज्याला नमस्कार करायचा ते. इथे एका तसबिरीत नुसता डोंगराळ माळ आणि वर ढग. ना देव, ना माणूस, ना गुरंढोरं. दुसऱ्या एकीत एक म्हातारी कांदे सोलत बसलेली, नाक लाल झालेलं. जेवणाच्या खोलीतल्या तिसरीत टेबलावर मेलेला ससा, दोन पाखरं आणि अर्धं सोललेलं लिंबू. लिंबाची साल खाली लोंबत होती आणि ती बघताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं, तर त्याच क्षणी सशाच्या नाकाखालचा रक्ताचा थेंब दिसला. आणि एक काळं-पांढरं, बुडणाऱ्या जहाजाचं. त्यात रंग नाहीच. जवळ जाऊन पाहिलं तर समुद्रसुद्धा नाही, नुसत्या केसासारख्या बारीक रेघा, कुठे दाट, कुठे विरळ. मागे सरकलो की लाटा उसळायच्या.

"कांदे सोलणाऱ्या बाईचं चित्र कशाला काढायचं?" मी विचारलं.

तिने मराठी जुळवायला थोडा वेळ घेतला. मीच शिकवलेली, पुस्तकी मराठी. "कारण ती तिथे होती," ती म्हणाली. "आपण न पाहिली तर कोण पाहील?"

हळूहळू धडा मागे पडला आणि चित्रंच पुढे आली. ती मला मराठी शब्द विचारायची आणि बदल्यात बघायला शिकवायची. पाण्यातल्या रंगाचं चित्र कसं एका दमात उरकावं लागतं, कागदाचा कोरा पांढरा भाग हाच उजेड कसा होतो. तेलातल्या रंगाला मात्र घाई नाही. थर वाळला की दुसरा, महिनोन् महिने. त्या तेलाचा वास मला ओळखीचा वाटायचा, पण कशाचा ते आठवत नव्हतं. एकदा माझ्या उपरण्याला तो लागला. घरी बायकोने उपरणं नाकाशी धरलं आणि म्हणाली, "हे तं जवसाचं तेल व्हय. चित्रं याच्यात काढते का ती?" मुलगी गेल्यापासून तिने कशाबद्दल आपणहून विचारलं, ते हे पहिलं. मग मी रोज घरी येऊन तिला त्या दिवशी पाहिलेलं चित्र सांगू लागलो. सशाचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मेलेलं जनावर भिंतीवर? जेवणाच्या खोलीत?" आणि थोडीशी हसली.

एके दिवशी बाईने कागदांचं एक चामडी बाड उघडलं. त्यात शिसपेन्सिलीने काढलेली एक झोपलेली मुलगी होती. उशीवर केस पसरलेले, छातीवर हातात हात, हातात फुलं. इतकी नाजूक की कागदावर फुंकर घातली तर पापण्या हलतील. "किती शांत झोपली आहे," मी म्हणालो.

"झोपली नाही," बाई म्हणाली. "माझी धाकटी बहीण. त्या दुपारी मी तिच्याजवळ बसून काढले. आमच्याकडे असे काढतात. नाहीतर चेहरा जातो."

मी ते घरी सांगायला नको होतं की सांगायला हवं होतं, हे आजही मला ठरवता येत नाही. बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. मग तिने सगळ्या पोळ्या केल्या, मला वाढलं, आणि मी हात धुऊन आल्यावर विचारलं, "आपल्या पोरीचं बी काढंल का ती?"

"अवो, तिनं आपल्या पोरीले पाहिलंच नाई."

"मी पाहिलं ना," ती म्हणाली. "मी सांगतो तिले."

एका दुपारी बैलांच्या दमणीला पडदे लावून मी बायकोला बंगल्यावर नेलं. शेजारपाजारी काय बोलतील याची त्या वेळी तिला पर्वा नव्हती. मागच्या पडवीत बाईने आमच्यासाठी चटई अंथरली आणि आपण पेन्सिल घेऊन वेताच्या मोढ्यावर बसली. बायको सांगायची, मी दुभाष्याचं काम करायचो. पण चेहरा सांगता येत नाही, हे आम्हाला त्या दुपारी कळलं.

"गोरी नव्हती. काळी बी नव्हती."

"डोळे?"

"मोठे."

"किती मोठे?"

बायको माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, "तुझ्यासारखे." ती म्हणाली, "नाई, तुमच्यासारखे." मी म्हणालो, तीळ उजव्या गालावर होता. ती म्हणाली, "डाव्या. मी रोज तिचं तोंड धुवत होतो, मले सांगता?" आम्ही त्या परक्या पडवीत आमच्या मेलेल्या लेकीच्या तिळावरून भांडलो. आणि भांडता भांडता माझ्या ध्यानात आलं: आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर दोन वेगवेगळ्या मुली होत्या.

बाईने कागदांमागून कागद काढले. कधी बायकोचं कपाळ आणि माझी हनुवटी, कधी उलट. सगळ्या मुली गोड होत्या. एकही आमची नव्हती. शेवटी बाई म्हणाली की समोर कोणी तेवढी पोर बसली तर अंगाचा बांधा तरी धरता येईल. बंगल्याच्या माळ्याची मुलगी तेवढीच होती. बायकोने दुसऱ्या खेपेला पेटीतला परकर आणि चोळी आणली आणि स्वतःच्या हाताने त्या पोरीला घातली. पोर परकर पसरून गोल फिरली. मला वाटलं, आपण इथून उठून जावं.

तेवढ्यात पोरीची आई, माळीण, विहिरीवरून आली; कपडे कोणाचे ते बंगल्यावरच्या नोकरांत पसरलं होतं. तिने पोरीला पाहिलं, परकर पाहिला, आणि डोक्यावरची घागर खाली ठेवून धावतच आली.

"मेलेल्या पोरीचे कपडे माह्या पोरीले काहून घातले? काढा! अबी काढा!"

"अवो माय, फक्त चित्रासाठी," मी म्हणालो.

"चितर-बितर नाई समजत मले. तुमची गेली, माह्यी बी नेता का?"

बायको पुढे झाली. तिने पोरीच्या अंगातली चोळी हलकेच सोडवली, परकर उतरवला, पोरीला आईच्या कडेवर दिलं आणि आईच्या पायांना हात लावायला वाकली. माळीण दोन पावलं मागे सरकली. "बाई, असं नोका करू," एवढंच म्हणून ती पोरीला घट्ट धरून निघून गेली.

मग बाईने ते कपडे एका लोडाला नेसवले आणि तेलातलं चित्र सुरू केलं.

बायको पुन्हा गेली नाही. पुरं झाल्यावर बघते म्हणाली. मी मात्र रोज जात होतो, त्यामुळे ते रोज थोडं थोडं उगवताना पाहिलं. आधी तपकिरी सावल्या. मग परकर. तो परकर असा उतरला की जरीचा काठ बोटाला टोचेल असं वाटे; जवळून पाहावं तर जरी नाहीच, पिवळ्या रंगाचे चार-सहा फटकारे. चोळीच्या खणाची वीण, तिच्या बाहीवर माझ्या बायकोने घातलेला टाका, सगळं होतं. रुईचे तंतू उडून ओल्या रंगाला चिकटत आणि बाई ते चिमट्याने एकेक उचलून काढी. तरी काही आत राहून गेले. सर्वांत शेवटी तिने चेहरा केला. फार मेहनतीने, फार मायेने केला. डोळे तिच्या वडिलांच्या चित्रातल्यासारखे ओले होते आणि मी कुठेही उभा राहिलो तरी माझ्याकडे बघत होते.

बायकोला घेऊन गेलो. ती चित्रासमोर पदर तोंडाशी धरून उभी राहिली. बाई मागे हात बांधून भिंतीला टेकली होती.

"कपडे आपले हायेत," बायको हळू आवाजात म्हणाली. "पोरगी कोणाची व्हय?"

मी ते बाईला इंग्रजीत सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

परतताना दमणीत ती म्हणाली, "दुसरी कोणीतरी आपल्या पोरीचा परकर घालून बसली. अन् बघते कशी, जशी आपणच परके."

खरी गोष्ट सुरू झाली ती त्यानंतर. तेलाचा रंग वाळायला फार दिवस लागतात, तोवर ते चित्र तीनपायी लाकडी घोडीवर तसंच उभं होतं आणि शिकवणीला मी त्याच्यासमोर बसत होतो. एके दिवशी शाळेत मुलं पाढे म्हणत होती. मी डोळे मिटले आणि नेहमीसारखी माझी लेक आठवायला गेलो. तर चित्रातली आली. मी तिला बाजूला सारून दुसरी शोधू लागलो. अंगणातली, कडेवरची, दुखण्यातली, शेवटची. प्रत्येक ठिकाणी अंग तिचं, आवाज तिचा, आणि तोंड त्या परक्या पोरीचं. त्या शेवटच्या दिवशी माझं बोट धरून ठेवणारीसुद्धा तीच. मुलांचे पाढे संपले होते आणि वर्ग माझ्याकडे बघत होता.

काही दिवस मी हे लपवलं. पण बायकोच्या लक्षात आलं, कारण मी लेकीविषयी बोलेनासा झालो होतो. तिने विचारलं तेव्हा सांगितलं.

"मंग आता तुमाले आपली नाईच दिसत?"

"नाई."

ती बराच वेळ चुलीतली राख सारखी करत राहिली. "मले दिसते," ती म्हणाली. "पण तुमाले कशी दाखवू?"

मी बंगल्यावर जायचं बंद केलं. प्रकृतीचं कारण सांगितलं. तेव्हा एका सकाळी बाईच आमच्या गल्लीत आली, पायी, छत्री घेऊन, मागे गल्लीतली सगळी पोरं. ती आत आली नाही. आमचा विटाळाचा विचार तिला एव्हाना माहीत झाला होता. अंगणात तुळशीपासून लांब, पायरीवर बसली. मी तिला खरं कारण सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मग ती माझ्याशी नव्हे तर सरळ माझ्या बायकोशी बोलली.

"ती दिसत कशी होती ते नको. ती करत काय होती?"

बायकोला आधी समजलं नाही. मग ती म्हणाली, "काय करंल? दिवसभर इथंच. मी रेच्यावर सरकी काढत जावो, ते ती बी कापूस घेऊन बसे. एक एक सरकी बोटानं काढे."

"कशी बसे?"

"अशी," म्हणून बायको जमिनीवर बसली. एक पाय मुडपून अंगाखाली, दुसरा सरळ पुढे. अंग डावीकडे कललेलं. मान इतकी खाली की हनुवटी छातीला लागावी. आणि दोन्ही हात मांडीत, काहीतरी बारीक निवडत असलेले. बाई पायरीवर तिच्या पाठीशी होती. बायको तशीच बसून राहिली. मला वाटतं ती आम्हाला विसरली होती.

बाईने पिशवीतून कोळशाची कांडी काढली. आमच्या चुलीतला असतो तसाच साधा कोळसा, फक्त बारीक. गुडघ्यावर कागद धरून तिने पाठीची एक रेघ ओढली, मानेची एक, पसरलेल्या पायाची एक. बायकोच्या मोठ्या देहातून तिने एवढंसं पोर कसं वेगळं काढलं ते देव जाणे. अंगठ्याने एक सावली पुसली. मानेवर निसटलेल्या केसांची बट काढली. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो.

आणि तिथे माझी मुलगी बसली होती.

तोंड नव्हतंच. पाठ होती, मान होती, आणि कामात गुंतलेलं ते कललेलं अंग. त्या परक्या तोंडाने माझ्यापासून हिरावून घेतलेलं सगळं त्या चार रेघांत परत आलं होतं. मला इतकी खात्री पटली की ओठांवर तिचं नाव आलं. आणि लगेच भीती वाटली. हाक मारली आणि तिने मागे वळून पाहिलं, तर तोंड कोणाचं असेल? मी हाक गिळली.

बायको उठून आली. कागद पाहिला. ती खाली बसली आणि मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. बाई तिला हात लावू शकत नव्हती. तीही नुसती पायरीवर रडत बसली. जाताना तिने वाटीभर दूध मागितलं. मला वाटलं प्यायला. तिने साय बाजूला करून ते कागदावर हलकेच फवारलं, कोळसा पुसला जाऊ नये म्हणून.

अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव बसला. गाड्यांच्या रांगा गेल्या, साहेबाच्या पेढीने त्याला परत बोलावलं. निघायच्या आधी बाईने निरोप धाडला: तेलातलं चित्र तुमचं आहे, ठेवू की नेऊ? मी ते जाळून टाकायला सांगणार होतो.

"जाळू नोका," बायको म्हणाली. "घेऊन जा म्हणा. तिले बी कुठं तरी राहायले पायजे."

म्हणून ती गेली. बोटीत बसून, आमच्या लेकीचा परकर घालून.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. आम्हाला एक मुलगा आणि एक मुलगी झाली, दोन्ही जगली. कोळशाचं चित्र आमच्या माजघरात होतं. पाहुणे विचारत, हे कशाचं चित्र, देव कुठला. बायको म्हणे, घरातलंच आहे. धाकटी मुलगी बोलायला लागल्यावर एकदा त्यासमोर उभी राहून म्हणाली, "माय, हिचं तोंड काहून नाई काढलं?"

बायको धान्य पाखडत होती. "ती काम करून राहिली," ती म्हणाली. "तिले आवाज देऊ नोको."

बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्यापाशी खरा चेहरा होता, तो तिच्याबरोबर गेला. धाकटीने लग्न होऊन चांदूर बाजारला जाताना चित्र मागितलं आणि मी दिलं. मला वाटलं होतं की आता घर मोकळं वाटेल. पण दुपारी जेवण करून लवंडलो की कधीकधी अंगणात कोणीतरी बारीक काही निवडत असल्याचा आवाज येतो. मी कूस बदलत नाही. आणि कधीकधी, त्याहून क्वचित, ती दुसरी आठवते: कुठल्याशा थंड देशात, बैठकीतल्या शेकोटीच्या वरच्या भिंतीवर, रंगात अडकलेल्या आमच्या कापसाच्या तंतूंसकट, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे ओल्या डोळ्यांनी बघणारी. तिला कोणी विचारत असेल का, तू कोणाची? ती आमची नव्हती. तरी तिला तिकडे काय उत्तर देता येत असेल, याचा विचार मनात आला की मला बराच वेळ झोप लागत नाही.